इंजिनातला ठोका गेला!

गुंऽऽ गुंऽऽ... वडिलांच्या गाडीचा हा आवाज मला शाळेतल्या कवितेसारखा पाठ होता. अलीकडे त्यात ठक्‌ठक् असा ठोका आला. पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग झिजलं होतं.

"नवं बेअरिंग घालूनही ठोका राहिला, तर गाडी भंगारात," माझ्या मुलानं बजावलं.

आज दुपारी नारपोलीतल्या गॅरेजमध्ये सलीम मिस्त्रीनं नवं बेअरिंग घालून इंजिन सुरू केलं. पण शेजारच्या कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात ऐकू काय येणार! तेवढ्यात वीज गेली, सगळे लूम थांबले. आणि मित्रांनो, नारपोलीच्या त्या शांततेत इंजिन एकटंच गात होतं!

"चाचा, ठोका खतम!" सलीम ओरडला. गाडी वाचली! आत्ताच ती घरी आणून हे लिहायला बसलो.

तुम्हाला कुठला आवाज परत ऐकावासा वाटतो?

हे लिहितोय तोच दारात समोरच्या घरातली नव्वदीची आत्या! गुडघ्यांमुळे वर्षभर जिना न उतरलेली.

"दादाची गाडी ना रे? पुढं मी बसणार!"