मोठ्यानं वाचायची सवय

पिरंगुटच्या दवाखान्यात बिलाच्या खिडकीत एक पोरगा बसतो. आजाराचा कोड नंबर कॉम्प्युटरात टाकताना पाढे म्हटल्यासारखा मोठ्यानं वाचतो. माझ्या बायकोच्या गालावरचा कॅन्सरचा डाग डॉक्टरांनी सुरुवातीलाच काढला, ती बरी झाली. तरी साध्या तापासाठी गेलो की हा रांगेसमोर ओरडायचा, "आजी, तुमचा जुना कातडीचा कॅन्सर टाकतोय!"

"आरं, बरा झालाय तो. हळू बोल की."

"बऱ्या झालेल्याचाबी कोड असतोय, बाबा."

ते ऐकून गावातल्या बाया तिच्या हातचा चहा घेईनात. छातीत दुखलं तेव्हा ती म्हणाली, "त्याच्या खिडकीवर मी न्हाई येत." घरातच तिचा जीव गेला.

परवा खोकल्यासाठी एकटाच गेलो.

"आजी कुटं हायेत?"

"वारली."

तो खिडकीतून वाकून कुजबुजला, "कशानं?"

म्हणजे याला हळू बोलता येत होतं.