शिंगवालीच्या पाठीवरची पट्टी

मी थापा मारतो, हे निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. चाळीस वर्षं रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाशी काहीतरी बोलत राहावंच लागतं, नाहीतर गिऱ्हाईक आत काय चाललंय ते बघायला वाकतं.

पण माझी एक वही आहे, जाड पुठ्ठ्याची, लांबोडकी. तिच्यात मी आजवर एकही थाप लिहिलेली नाही. घरच्यांना हे सांगितलं तर ते म्हणतात, ही आणखी एक.

वहीत एकाच जातीच्या इलेक्ट्रिक गिटारींच्या नोंदी आहेत. दोन बाजूंना दोन शिंगं निघालेली, तांबडी, कडेला काळपट होत गेलेली ही गिटार आपल्याच देशात बनायची. आमच्या भागात तिला शिंगवाली म्हणत. एका काळी सीमाभागात म्हशींपेक्षा शिंगवाल्या जास्त होत्या. हेही जरा ताणलेलंच आहे, पण ऑर्केस्ट्रे भरपूर होते आणि प्रत्येकात एक तरी शिंगवाली असायचीच. अलीकडच्या गावात मराठी गाणी, पलीकडच्या गावात कन्नड, गिटार तीच. पुढं कारखाना बंद पडला, त्याचे कागद रद्दीत गेले, आणि अशा किती गिटारी बनल्या हे सांगणारं कुणी उरलं नाही. तेव्हा मला वाटलं, आपण मोजूया. कुठल्या मुहूर्तावर वाटलं कोण जाणे.

नियम एकच. गिटारीच्या पाठीवर, मान जिथं जोडलेली असते तिथं, चार स्क्रूंची एक पट्टी असते आणि तिच्यावर नंबर ठोकलेला असतो. तो मी माझ्या डोळ्यांनी वाचायचा, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची, उमटलेला ठसा वहीत चिकटवायचा. नंबर नाही तर नोंद नाही. माझ्यासारख्या माणसाला असा नियम लागतो. नंदगडला एक शिंगवाली गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलेली सापडली, तारा शाबूत. म्हैस तिला पाठ घासायची तेव्हा जो सूर निघे, तो लागल्याशिवाय ती पान्हा सोडत नसे. ही गोष्ट मी शंभर ठिकाणी सांगितली आहे. वहीत मात्र एवढंच आहे: नंबर, रंग, सूर हलवायचा दांडा गायब.

हे काम करता करता मी सत्तरीला आलो. गुडघे गेले. स्कूटर माझ्याआधी जाईल असं वाटायचं, पण ती चिवट निघाली. नव्या गिटारीचा पत्ता कळला की पूर्वी झोप उडायची. आता कळला की आधी कमरेचा पट्टा शोधावा लागतो. एखादं जुनं देणं असावं तशी ती वही टेबलावर पडलेली असते.

दिवाळीनंतर मी वडगावला गेलो तोही असाच, ओढत. वंटमुरीच्या घाटात दोनदा थांबून पाय मोकळे केले. वडगावात एक अण्णा आहेत. साड्या विणतात. तरुणपणी वीसेक वर्षं एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. पोस्टरवर गायकांचे फोटो असत, गायिकेचा जरा मोठा असे, आणि खाली बारीक अक्षरांत ‘व इतर वादक’. अण्णा त्या ‘इतर’मध्ये. ना फोटो, ना कॅसेट. ऑर्केस्ट्राचा मालक वारला, बाकीचे पांगले. आता अण्णा गिटार वाजवत होते हे त्यांच्या गल्लीतल्या नव्या लोकांना खरंच वाटत नाही. त्यांचे हातही आता थरथरतात, वाजवून दाखवायची सोय नाही. म्हणून माझी वही त्यांना हवी होती. तिच्यात गिटार आली की शेजारच्या रकान्यात वाजवणारा येतो.

खरं तर ही नोंद सात-आठ वर्षांपूर्वीच व्हायची. तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो होतो, नंबरही स्पष्ट दिसत होता. पण अण्णांच्या बायकोनं, म्हणजे आक्कांनी, पुरणाचे कडबू केले होते आणि मला ऐकणारी माणसं मिळाली होती. मी तीन तास बोललो. जर्मनीत असल्या नंबरासाठी लोक रांगा लावतात म्हणालो. पट्टी म्हणजे गिटारीचा जीव, सोन्यासारखी ठेवा म्हणालो. सहा कडबू खाल्ले आणि नंबर न लिहिताच निघालो. घाटात आल्यावर आठवलं. पुढच्या आठवड्यात येऊ म्हटलं. मग गुडघ्याचं ऑपरेशन, मग लॉकडाऊन, मग नुसताच कंटाळा.

या खेपेला घरात एकच यंत्रमाग चालू होता. दुसरा विकला. मागाच्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागतं. आक्का चहा टाकायला आत गेल्या आणि अण्णांनी बटण दाबून माग थांबवला. खुंटीवरची गिटार काढून माझ्या मांडीवर पालथी ठेवली.

पट्टी झळकत होती. समई झळकते तशी. वरचा चकचकीत मुलामा उडून आतलं पितळ उघडं पडलेलं, कडेला स्क्रूंच्या खाचांत हळदकुंकू अडकलेलं. नंबर कुठंच नव्हता.

“बघितलासा न्हवं?” अण्णा हळू आवाजात म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. खंडेनवमीला माग धुऊन पुसून पूजा होते, धोट्यांना, कात्रीला, पान्याला कुंकू लागतं. गिटारही हत्यारच, तीही पाटावर बसते. मी सोन्यासारखी ठेवा म्हणून सांगून गेल्यापासून आक्का दर खंडेनवमीला पट्टी सोडवून घेतात आणि चिंच लावून, राख लावून, देवाच्या भांड्यांबरोबर घासतात. तासभर. माझ्या शब्दाला एवढी किंमत आजवर कुणी दिली नव्हती.

“तिला कळू देऊ नका,” अण्णा म्हणाले. “जेवायची न्हाय चार दिवस.”

“आणि नोंद?”

“घाला की. तुमच्या मनचा एक नंबर घाला.” ते गिटारीकडंच बघत होते. “लोकास्नी एवढ्या थापा मारता. माझ्यासाठी येक मारा.”

मी कागद ठेवला, पेन्सिल घासली. सगळा कागद एकसारखा करडा झाला. तिरपा धरून पाहिला, भिंग लावलं, पुन्हा घासली. अण्णा कागदावर वाकले होते, कोष्ट्याची नजर, तुटलेला धागा शोधणारी. त्यांनाही काही दिसलं नाही. मला एकदम इतका थकवा आला की तिथंच सुताच्या पोत्याला टेकून झोपावंसं वाटलं. एवढ्या वर्षांत मी किती घरांत जाऊन काय काय बोललो असेन आणि मागं काय काय घासलं गेलं असेल, हे कुठल्या वहीत मिळणार?

तेवढ्यात आक्का चहा घेऊन आल्या. “गावला काय नंबर?” म्हणाल्या.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग मी मला येतं ते केलं. चष्मा लावला, करडा कागद उजेडात धरला आणि कुठंही न अडखळता पाच आकडे वाचून दाखवले. मधल्या आकड्यावर जरा थांबलो, तो पुसट आहे असं दाखवायला. आयुष्यातली उत्तम थाप होती ती.

आक्कांनी कप खाली ठेवले. “ह्यो न्हवं,” म्हणाल्या, आणि दुसरेच पाच आकडे म्हणून दाखवले, पाढे म्हणावेत तसे.



“पयला आकडा पुसट झाला तवाच कळलं मला,” त्या म्हणाल्या. “बाकीचे जायच्या आत पाठ करून ठेवले.”

“मग घासायचं थांबायचं न्हाय व्हय गं?” अण्णा म्हणाले.

“थांबले असते तर तुम्ही इचारला असतासा, का थांबलीस म्हणून. काय सांगू?” मग अण्णांकडं बघून, “तुमास्नी ठाऊक हुतं व्हय?”

“मला कवाचं.”

“मग तुम्ही का न्हाय बोलला?”

अण्णांनी बशीत चहा ओतला. 

मी वही उलटली. आक्कांनी सांगितलेला नंबर खासबागच्या एका शिंगवालीच्या पुढं आणि संकेश्वरच्या एकीच्या मागं बसत होता, आणि त्या दोन्ही अशाच तांबड्या. म्हणजे खरा असू शकतो. पण मी आक्कांचा चेहरा पाहत होतो. त्या कपाकडं बघून, पापणी न हलवता, शांतपणे पुन्हा तेच आकडे सांगत होत्या. तो चेहरा मी चाळीस वर्षं दुकानात वापरला आहे. नवऱ्याची नोंद व्हावी म्हणून त्या जागेवर पाच आकडे बनवत असतील, तर माझ्यापेक्षा हुशार. खरंच पाठ असतील, तर खऱ्यासमोर थाप मारून मी आणखीनच खाली. दोन्हींतलं काय, हे मला त्या दिवशीही कळलं नाही आणि आजही नाही.

अण्णा आता आक्कांकडंही बघत नव्हते, माझ्याकडंही नाही. माझ्या पेनाकडं बघत होते.

मी नंबर लिहिला, आक्कांनी सांगितला तोच. खाली लिहिलं: पाहिला नाही, ऐकला. सांगणाऱ्या: पट्टी घासणाऱ्या घरधनीणबाई. शेजारी तो करडा कागद चिकटवला. वाजवणाऱ्याच्या रकान्यात अण्णांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्यांनी वही स्वतःकडं ओढली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं, मग पुन्हा वाचलं.

“कवापास्नं कवापतोर वाजवत हुतो ते बी घाला,” म्हणाले.

“थोरलीच्या लग्नापतोर,” आक्का म्हणाल्या.

“लग्नाच्या नंतर बी दोन वर्सं वाजवलंय मी.”

“तवा जत्रंत नुसता उभा हुतासा. तुमच्या हातात गिटार हुती, वाजवत दुसराच हुता.”

“तुला काय ठाऊक? तू आलतीस व्हय जत्रंला?”

“आलते. मागं उभी हुते.”

मी पेन उघडं धरून बसलो. चहावर साय आली होती, गुडघा ठणकत होता, आणि त्यांचं अजून जत्रेवरच चाललं होतं.