शेवटचं चित्र

वाचनालयात दोन चरित्रं घेऊन बसलो होतो. एक अमेरिका नुकती स्वतंत्र झाली तेव्हाच्या मुत्सद्द्याचं, दुसरं आयुष्यभर नेतृत्व शिकवणाऱ्या प्राध्यापकाचं. दोन्हींत मधे चित्रांची गुळगुळीत पानं. सुरुवातीच्या चित्रांत नुसती माणसांची गर्दी. शेवटी एकाचं तैलचित्र, दुसऱ्याचा फोटो, पण दोघंही खिडकीपाशी एकटेच. माणसं मागे यावीत म्हणून इतकं पुढे चालायचं, की वळून पाहावं तर मागे कुणीच नाही?

मीही कचेरीत साहेब होतो. मी आलो की खुर्च्या सरकायच्या.

“काका, बाकीचे पंखे बंद करते हं,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या. “तुमच्यावरचा राहू दे.”

मान वर केली, तर सगळी टेबलं रिकामी. मी हळूच दोन्ही पुस्तकं पुन्हा गर्दीच्या चित्रांवर उघडली आणि बसून राहिलो.