शेरीफची भैरवी

आमच्या कार्डिफच्या मराठी मंडळींकडे पार्टीला गेलात, तर सगळ्यांचे कोट बेडरूममधल्या पलंगावर टाकलेले असतात. निघताना आपला ओढायला जावं तर दुसऱ्यांचे चार हाती येतात. आमचे किस्सेही तसेच साठलेत. आज काउबॉय नाटकाचे ओढतो. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल.

*

नाना कारखानीस म्हणजे हाडांचे निवृत्त डॉक्टर. दुपारी टीव्हीवर लागणाऱ्या जुन्या ब्लॅक अँड व्हाइट काउबॉय सिनेमांचे भक्त. एका रविवारी त्यांनी आम्हाला पोह्यांना बोलावून असाच एक सिनेमा दाखवला. इतका स्वस्तातला, की डोंगरसुद्धा पुठ्ठ्याचे! नायक गिटारवर गातो, इथपर्यंत ठीक. पण त्याच्या भावाचा खून होतो, तो सूड घ्यायला निघतो आणि शेवटी कळतं, की खुनी म्हणजे त्याचा जिवलग मित्र, गावचा फौजदार, शेरीफच! नायक त्याला गोळी घालतो आणि थडग्याशी बसून गाणं म्हणतो.

वहिनी, म्हणजे नानांची बायको, म्हणाल्या, "मित्र मेला, आणि हा मेला गातोय?"

"अगं, आपल्या संगीत नाटकात तर मरणाराच गातो! हा निदान तो मरेपर्यंत थांबला."

आणि नानांनी तिथेच जाहीर केलं, की यंदा गणपतीत हेच करायचं. मराठीत. शेरीफ अर्थातच ते स्वतः.

*

मंडळाच्या अध्यक्षा देसाईबाई बिथरल्या. "गणपतीपुढे खून नको. शेवटी सगळे एकत्र जेवायला बसतात असं दाखवा."

"बाई, सीतेला पळवलेलं चालतं, अभिमन्यूला घेरून मारलेलं चालतं. गणपतीला माझा एक शेरीफच जड होतोय का?"

बाईंनी बराच विचार केला. "बरं. पण रक्त सांडू नका. हॉलचं कार्पेट नवीन आहे."

कलास्वातंत्र्यावर मंडळाने घातलेलं ते एकमेव बंधन!

*

नायक झाला अमोल. इथेच जन्मलेला, उमदा, गोड गळ्याचा. मराठी व्याकरणाशी मात्र त्याचे संबंध औपचारिकच. सुडाच्या प्रसंगात डोळ्यांत अंगार आणून तो गरजायचा, "माझा बंदूक तुला सोडणार नाही!"

मी प्रॉम्प्टर. विंगेतून कुजबुजलो, "माझी! माझी बंदूक!"

तो जागच्या जागी वळून म्हणाला, "ओके, तुझी बंदूक!"

*

तालमी चर्चच्या हॉलमध्ये चालायच्या. एका संध्याकाळी शेजारच्या कुणा दक्ष नागरिकाने खिडकीतून पाहिलं. चार-पाच सावळी माणसं, हातात पिस्तुलं, परक्या भाषेत आरडाओरडा. लंडनच्या बॉम्बस्फोटांनंतरच्या त्या काळात एवढं पुरेसं होतं. दोन पोलीस आत आले. आम्ही सगळ्यांनी एकदम हात वर केले. दिग्दर्शनाशिवाय इतका एकजिनसी अभिनय आमच्याकडून पुन्हा झाला नाही.

नाना हात वर ठेवूनच म्हणाले, "ऑफिसर, इट्स अ म्युझिकल."

पोलिसांनी प्लॅस्टिकची पिस्तुलं तपासली, सॉरी म्हटलं, आणि चहा घेत एक प्रवेश पाहिला. जाताना त्यांच्यातला थोरला मला हळूच म्हणाला, "एवढं लांब गाणं चाललंय, तर खुनी पळून का जात नाही?"

*

पेटीवर जोगळेकर. ते आणि नाना एकाच वर्षी इंग्लंडला आलेले, सुरुवातीला एका खोलीत राहिलेले, आणि आता कित्येक वर्षं एकमेकांशी न बोलणारे. कारण फार गंभीर होतं. रॅफलच्या सोडतीला वेळ हवा म्हणून नानांनी एकदा जोगळेकरांचं नाट्यगीत मध्येच थांबवलं होतं! पण कार्डिफात दुसरा पेटीवाला नव्हता. म्हणून निरोप वहिनींमार्फत जायचे. त्या मध्ये खुर्ची टाकून विणत बसायच्या.

"वहिनी, शेरीफना सांगा, सूर चढतोय."

"पेटीवाल्यांना सांग, शेरीफचा सूर शेरीफ ठरवेल."

वहिनींनी मान वर केली नाही. "मी ऐकलं, त्यांनीही ऐकलं. आता मला टाके मोजू द्या."

*

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरला. नायकाचा भाऊ होता प्रकाश, पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला. पहिल्याच प्रवेशात त्याला गोळी लागायची होती. लागली. पण गडी मरेना! उठतोय, पडतोय, आईची आठवण काढतोय, टेबलाला धरून पुन्हा उभा राहतोय.

मी विंगेतून विनवलं, "प्रकाश, मर ना बाबा आता!"

तो कण्हत माझ्यापाशी सरपटत आला. "थांब रे! माझा बॉस अजून पार्किंग शोधतोय!"

*

आणि शेवटचा प्रवेश. अमोलने गोळी झाडली. नाना छातीवर हात ठेवून कोसळले, तेही असे कोसळले की पुढच्या रांगेतली बाई किंचाळली. आता पेटीवर भैरवी सुरू व्हायची आणि अमोलने गायचं.

पेटी वाजेना.

अमोल माझ्याकडे बघतोय, मी जोगळेकरांकडे. त्यांचा हात भात्यावर तसाच राहिला होता. ते पडलेल्या नानांकडे एकटक बघत होते.

मग जोगळेकर बोलले. पेटीचा माइक चालूच होता. "नाना, आधी ऊठ. तू मेलायस म्हणून मी वाजवणार नाही."

देसाईबाईंना ते नाटकातलंच वाटलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मेलेला शेरीफ डोळे न उघडता म्हणाला, "सूर दे. उठतो."