भुवया उचलून घेतल्या त्या वर्षी

चाळिशी ओलांडली आणि माझ्या भुवया खाली यायला लागल्या. एकदम नाही, वर्षाला तांदळाच्या दाण्याएवढ्या येत असतील. सेहेचाळिसाव्या वर्षी त्या डोळ्यांवर येऊन बसल्या. मी काहीही करत असले, भाजी निवडत असले किंवा रेडिओ ऐकत असले, तरी बघणाऱ्याला वाटायचं की ही बाई आता कुणावर तरी खेकसणार आहे.

मी तेव्हा एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये होते. दिवसभर बोर्डावर वाकून रेघा मारायच्या. डोळे पुरते उघडे राहावेत म्हणून मी नकळत कपाळ वर ताणून धरायचे आणि दुपारनंतर ते दुखायला लागायचं. कँटीनमध्ये शेजारच्या टेबलावरचे कन्नड सहकारी रोज विचारायचे, "याके मेडम, सुस्ता?" का मॅडम, दमलात? सुस्त तर मी होतेच. पाचला उठायचं, तीन डबे भरायचे, सव्वासातची कारखान्याची बस, साडेपाचला जे. पी. नगरला घरी परत आणि लगेच संध्याकाळच्या स्वयंपाकाला लागायचं. नवरा संशोधन संस्थेत. तो घरी यायचा तोच डोक्यात आकडे घेऊन. बाहेरच्यांनी सुस्त म्हटलं की मी मान डोलावून पुढे जायचे. जीव जळायचा तो घरच्या एका गोष्टीने. माझी मुलगी माझ्याशी बोलत नव्हती.

भांडण वगैरे काही नव्हतं. ती अठराची, एकुलती एक, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आपल्याकडची बारावी. शेजारच्या अक्कांच्या स्वयंपाकघरात बसून ती खळखळून हसायची, ते मला फाटकातून ऐकू यायचं. मी दारात चप्पल काढली की ती आपल्या घरात यायची, माझ्या तोंडाकडे एकदा बघायची आणि पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जायची. फिजिक्सचा पेपर अवघड गेला म्हणून ती रडली, हे मला अक्कांकडून कळलं. कुंपणापलीकडून त्यांनी विचारलं, "निमगे गोत्तिल्वा?" तुम्हाला ठाऊक नाही? मी म्हटलं, ठाऊक आहे की. सरळ खोटं बोलले. मग त्या कन्नडमधूनच म्हणाल्या, तुमचं तोंड बघून गप्प बसते हो पोर.

बाकीचे पेपर संपले की जुलैत ती मंगळूरकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाणार होती, हॉस्टेलवर. एकदा गेलेल्या मुली पाहुण्यांसारख्याच परत येतात. त्याआधी तिने माझ्याशी बोलायला हवं होतं. मला दुसरं काही नको होतं. आणि मध्ये माझं तोंड येत होतं, तर ते बदलायचं, असा मी साधा हिशेब केला. दमलेल्या माणसाला असे सोपे हिशेब फार पटतात.

इंदिरानगरला एक प्लास्टिक सर्जन होते. परदेशात शिकून आलेले, तामिळ, आवाज अगदी मऊ. त्यांनी मला आरशासमोर बसवून डोळे मिटायला लावले. कपाळ सैल सोडा म्हणाले. ते मला जमेचना. किती वर्षं ते ताणून धरलं होतं कोण जाणे. शेवटी सुटलं, आणि हळूच डोळे उघडल्यावर आरशात जी बाई दिसली तिला बघून मीच दचकले. डॉक्टरांनी बोटाने एक भुवई जराशी वर सरकवली आणि म्हणाले, दोष पापणीत नाही, भुवईत आहे. पुष्कळजण पापणी कापून घेतात आणि भुवई होती तिथेच राहते.

मूळच्या भुवया कुठे होत्या ते बघायला त्यांनी तरुणपणीचे फोटो मागितले. मी लग्नाचा अल्बम नेला. त्यात एकूण एक फोटोत कपाळावर मुंडावळ्या. हे काय बांधलंय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी सगळी पानं उलटली आणि हताशपणे विचारलं, एकाही फोटोत काढून ठेवल्या नाहीत? मग मी नोकरीला लागतानाचं ओळखपत्र नेऊन दिलं. त्यातली मुलगी भुवया ताणून बघत होती, पण ती भीतीने.

पुढचं त्यांनी काही न लपवता सांगितलं. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, केसांच्या आत, कापायचं. कपाळाची कातडी सोडवून मागे ओढायची, जास्तीची पट्टी काढून टाकायची आणि शिवायचं. बारीक छेद घेऊन आत कॅमेरा घालायची नवी पद्धत निघाली होती, पण ती त्यांच्या हातात अजून बसली नव्हती आणि तसं त्यांनी कबूल केलं. मला त्याच क्षणी त्यांच्यावर विश्वास बसला. कपाळ आणि टाळू काही महिने बधिर राहील, थोडीफार बधिरता कायमचीही राहू शकते. शिवणीवरचे केस विरळ होतील. डोळे सुरुवातीला पूर्ण मिटणार नाहीत, थेंब घालावे लागतील. दोन्ही बाजू अगदी सारख्या होतील असं वचन नाही. रक्तदाब तपासून घ्या, ॲस्पिरिन आजपासून बंद. आणि फार वर उचला म्हणू नका, नाहीतर जन्मभर आश्चर्य वाटल्यासारख्या दिसाल.

"हे कशासाठी करताय?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मी रागीट दिसते म्हणून," मी म्हटलं.

"ऑपरेशनने भुवया वर जातील," ते म्हणाले. "तेवढंच मी सांगू शकतो."

मी मान हलवली. लग्नात गुरुजी काय सांगतात ते जेवढ्या लक्षाने ऐकलं होतं, तेवढ्याच लक्षाने हेही ऐकलं.

घरी नवरा म्हणाला, "कपाळ तुझं आहे." त्यात होकार होता की नकार, हे विचारायचं त्राण नव्हतं. मुलीने एवढंच विचारलं, "दुखेल का?" आणि परत आत गेली. ऑफिसात मी डोळ्यांचं काहीतरी आहे असं सांगितलं. आमच्या मराठी मंडळातल्या बायकांना काहीच सांगितलं नाही. भुवया उचलायला सुट्टी काढली म्हटलं असतं तर पुढच्या गणपतीपर्यंत त्यांना विषय पुरला असता.

मुलीची परीक्षा संपल्यावर एप्रिलात ऑपरेशन झालं. दुखलं त्यापेक्षा कंटाळा जास्त आला. उशांवर उशा रचून अर्धवट बसून झोपायचं. पहिल्या दिवशी बरी दिसत होते, तिसऱ्या दिवशी सगळी सूज डोळ्यांवर उतरली आणि खालचा भाग जांभळा पडला. डोळ्यांत थेंब मुलगी घालायची. बोलायची नाही, पण हात तिचा हलका होता. डोक्याचे टाके काढले तेव्हा मला फक्त आवाज आला.

चैत्रातलं हळदीकुंकू अक्षय्यतृतीयेपर्यंत चालतं. शेवटच्या दिवशी मंडळातल्या एकींकडे बोलावणं होतं. सूज उतरली होती, केस पुढे ओढून शिवण झाकली होती, म्हणून गेले. आंब्याची डाळ खाल्ली, पन्हं प्यायले. यजमानीणबाई करंडा घेऊन ओळीने फिरत होत्या. त्या माझ्यापाशी आल्या तेव्हा मी शेजारणीशी बोलत होते. त्या पुढे गेल्याचं बघून मी त्यांना हाक मारली आणि म्हटलं, "अहो, मला राहिलं."

त्या वळल्या. सगळ्याच वळल्या. "लावलं की," त्या म्हणाल्या. शेजारणीने पर्समधला आरसा माझ्यापुढे धरला. कपाळाच्या मधोमध चांगलं रुपयाएवढं कुंकू होतं. बोट लागल्याचं मला कळलंच नव्हतं. मी चाचरत काहीतरी म्हटलं, कुणीतरी निरखून बघितलं, केसांची बट बाजूला केली, आणि मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. ओटीच्या हरभऱ्यांबरोबर माझी भुवई घरोघर गेली. मला खरं तर लाजच वाटायला हवी होती, पण तेवढी ताकद कुणाकडे होती.

मी पुन्हा कामावर जायला लागले. भुवया छान बसल्या होत्या, उजवी जराशी वर. कँटीनमधली चौकशी थांबली. जूनच्या पहिल्या आठवड्यात एके संध्याकाळी मी फाटक उघडलं तर मुलगी दारात उभी. हॉस्टेलमध्ये खोलीत तिघी असतात म्हणे, तिने सांगितलं. मग मैत्रिणीचं सांगितलं. मग कुणा मुलाने वहीत चिठ्ठी ठेवली होती आणि तिने ती वाचून फाडली, तेही सांगितलं. माझी पर्स अजून खांद्यावरच होती. मी मनात म्हटलं, फळलं बाई कपाळ.

त्यानंतर ती रोज बोलायला लागली. मी चहा करताना, कणीक मळताना, चहाचा कप हातात धरून सोफ्यावर बसल्यावर. आठ-दहा दिवस मी हरखून ऐकलं. मग एका संध्याकाळी ती काहीतरी लांबलचक सांगत असताना माझा डोळा लागला. जागी झाले तेव्हा कप तिच्या हातात होता.

"सॉरी," ती म्हणाली. "मला कळलंच नाही. आधी कळायचं."

"काय कळायचं?"

"तू बसमधून उतरलीस की मी अक्कांच्या खिडकीतून बघायचे. भुवया पार खाली आलेल्या असल्या की म्हणायचे, आज आईला काही सांगायचं नाही. आता तू एकदम ताजी दिसतेस. मला वाटलं, तुला बरं वाटतंय."

"मी चिडलेली वाटायचे ना तुला?"

"नाही गं. दमलेली वाटायचीस." तिला माझ्या प्रश्नाचं नवलच वाटलं. "अक्कांनाही मी तेच सांगितलं होतं."

मी विचारलं, "आणि त्या खाली कधी असायच्या?"

तिने कप खाली ठेवला. "रोजच," म्हणाली.

जिला माझी भीती वाटते असं मी धरून चालले होते, ती मला सांभाळत होती. स्वतःचं रडणं शेजारी नेऊन ठेवत होती, मला वजन नको म्हणून. आणि ती जिच्यावरून मला ओळखायची ती एकच खूण मी पैसे देऊन पुसून आले होते.

"आता तूच सांगत जा," ती म्हणाली. "दमलीयस का?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी असं, उत्तर ऐकायला थांबून विचारलं नव्हतं.

"दमलेय," मी म्हटलं. "खूप दमलेय. पण तू बोल. झोप लागली तर हलव मला."

ती उठली, कुकर लावून आली आणि जिथे थांबली होती तिथून पुढे सांगायला लागली. हॉस्टेलला जायला तिचे अठरा दिवस उरले होते.