ठिगळाखालच्या तीन ओळी

आज कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकलेली, कागद चिकटवायची खळ शिजवताना तिचा वास आला, अन् पुण्यातल्या ग्रंथालयातला माझा पहिला उन्हाळा आठवला. सातवीत शाळा सुटलेला, वऱ्हाडातल्या धाड गावाहून आलेला मी तिथं इंग्रजांच्या काळातली इंग्रजी वर्तमानपत्रं सांधायचो. ती पानं बोट लागलं तरी तुटत. अक्षरांवर आरपार दिसणारा पातळ कागदच लावायचा, असा नियम होता. एकदा तो संपला. मागितला तर साहेब रागावतील, या भीतीनं मी एका पानावर जाड कागदाचं ठिगळ लावलं.

वऱ्हाडातल्या दुष्काळाचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी नेमकं तेच पान मागितलं. कापसाच्या भावांखाली धाडकडच्या भूकबळींची बातमी सुरू होत होती, असं त्यांनी वाचून सांगितलं. पुढं बातमीच्या तीनच ओळी होत्या, त्या ठिगळाखाली होत्या.

"मले इंग्रजी येत नाही, बाई. मले वाटलं, जाहिरात असंन."

"दादा, ही बातमी मला दुसरीकडे कुठंच सापडली नाही हो," त्या हळूच म्हणाल्या.

मी ओल्या फडक्यानं ठिगळ भिजवून जपून उचललं. खालचा पापुद्रा अक्षरांसकट निघाला अन् त्याचा चुरा झाला.

साहेबांनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "कागद जुनाच होता."

त्यांचे उपकार मी विसरलो नाही. तेव्हा नोकरी वाचली एवढंच कळलं होतं. आता वाटतं, माझ्या गावाकडची ती माणसं उपाशी मेली, अन् त्यांच्याबद्दल जेवढं लिहिलेलं उरलं होतं, तेवढं माझ्या हातून गेलं.