नाताळचे लाकडी बैल

चांद्यात कॉलेजसाठी मी खोली घेऊन राहत होतो. शेजारचे भाऊ लाकडाच्या वखारीत मजुरी करायचे. गल्लीतले ख्रिस्ती घर तेवढे त्यांचे एकच. कोणी काही विचारण्याआधीच ते "बरं हाय जी" म्हणत आणि मान खाली घालून निघून जात. त्या डिसेंबरात वखार बंद होती, हेही मला दुसऱ्यांकडूनच कळले.

नाताळच्या आधी भाऊ बाजारात एका सुताराच्या दुकानाशी दिसले. तान्ह्या पोळ्याला मुले घरोघरी फिरवतात आणि खाऊ मिळवतात, ते लाकडी बैल तिथे मांडले होते. सुताराने पोळ्याला न खपलेले स्वस्तात काढले होते. भाऊंनी एकेकाची चाके फिरवून पाहिली आणि शिंग मोडलेले दोन निवडले.

"लेकरायले नाताळचे," एवढेच म्हणाले.

नाताळच्या सकाळी ते माझ्या मागच्या दाराशी आले. ओंजळीत गूळ-फुटाणे होते.

"लेकरं बैल घेऊन घरोघरी निंगाले जी. पोळाच समजून राह्यले. लोक हसते, कोणी काई देत नाई. तुमी द्याल? माह्यं नाव सांगू नका."

थोड्या वेळाने पुढच्या दाराशी चाके खडखडली. मी दोघांच्या हातांवर फुटाणे ठेवले.

"दादा, तुमच्याच घरी पोळा हाय का?" धाकटीने विचारले.

मी "हो" म्हणालो.

संध्याकाळी भाऊ विहिरीवर भेटले. नाताळला एकमेकांना काय म्हणतात, मला ठाऊक नव्हते. मी शब्द शोधत होतो, तोवर ते "बरं हाय जी" म्हणून निघूनही गेले.